फाळका नंबर दोन

१९४४ च्या जानेवारीत अमेरिकेत हिचकॉकचा ‘लाइफबोट’ लागला. बुडवलेल्या जहाजातून वाचलेली मूठभर माणसं, त्यांत एक जर्मन, आणि अख्खा सिनेमा त्या एका होडीत. बोटीवरच्या थरारपटाचं भांडवल दोन गोष्टींचं असतं. पळायला जागा नसते, आणि होडीवर हुकूम कुणाचा चालणार याची झटापट असते. भर समुद्रात तो शेवटी एकाचाच चालतो. पुढे यॉटवर तीन-चार माणसं कोंडून जे सिनेमे निघाले, ते सगळे याच भांडवलावर चालले.

त्यानंतर तीन महिन्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक आगबोट फुटली, आणि तिथं दोन्ही गोष्टी नेमक्या उलट होत्या. बोट धक्क्याला बांधलेली होती. शिडी उतरली की माणूस जमिनीवर. हुकूम देण्याच्या लायकीची माणसंही एक सोडून पाच-सहा, एकाच वेळी, एकाच डेकवर उभी होती. त्या स्फोटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच्या आधीच्या दोन तासांकडे मात्र घड्याळ हातात धरूनच पाहावं लागतं. त्या दोन तासांत बोट वाचणं कठीण झालं होतं, पण शहर वाचवायला वाव होता.

२४ फेब्रुवारी १९४४, बर्कनहेड

‘फोर्ट स्टिकिन’ ही ७,१४२ टनांची मालवाहू बोट इंग्लंडहून निघाली. १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रुपर्टला बांधलेली, लेंड-लीजच्या करारात ब्रिटनकडे आलेली. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ. पोटात १,३९५ टन दारूगोळा होता: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. त्यांतली २३८ टन स्फोटकं ‘अ’ वर्गाची, म्हणजे धक्का नि उष्णता दोन्ही न सोसणारी. पेट्यांत बंद केलेली बारा स्पिटफायर विमानं होती. शिवाय एका पोलादी टाकीत ३१ खोकी ठेवून ती टाकी वेल्डिंग करून बंद केलेली. त्या खोक्यांत सोन्याच्या १२४ विटा. तेव्हाच्या भावानं सुमारे दहा लाख पौंडांचं सोनं.

सिनेमाचा लेखक इथंच खूश झाला असता. सोनं, विमानं, स्फोटकं आणि एक बोट. खरी गोष्ट पेटवली ती मात्र या तिन्हींपैकी कशानंही नव्हे.

३० मार्च ते ९ एप्रिल, कराची

सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा होऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. मुंबई-कराची ही समुद्रावरची रोजची वाट. बोटीनं कराचीला विमानं आणि काही माल उतरवला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवा माल भरला: कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणाच्या तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, भंगार लोखंड, तांदूळ, राळ, मासळीचं खत. नेस्मिथला हे पसंत नव्हतं. जळणारं आणि फुटणारं असं जगात जे जे काही आहे ते सगळं आपल्याच बोटीत भरलंय, अशा अर्थाची त्याची तक्रार पुढे नोंदली गेली. पण युद्धात रिकामी जागा म्हणजे गुन्हा. लढाईच्या काळात बोटी कमी, माल फार. बोटीच्या कानाकोपऱ्यात काही ना काही कोंबायचंच.

कापसाच्या गाठीची आग लालबाग-परळच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. गिरणीच्या कापूस खात्यात हात भाजलेल्यांना ती पुरती ठाऊक. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. गाठ दाबून बांधलेली असल्यानं पाणी आत शिरत नाही, ठिणगी मात्र आतल्या आत खात जाते. दुसऱ्या नंबरच्या फाळक्यात, म्हणजे बोटीच्या पुढच्या भागातल्या कोठारात, मांडणी चाळीसारखी होती: तळमजल्यावर कापूस, पहिल्या मजल्यावर दारूगोळा. सोन्याची टाकीही त्याच पहिल्या मजल्यावर, एका कोपऱ्यात.

१२ एप्रिल, मुंबई

बोट व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागली. शांततेच्या काळातला नियम असा की दारूगोळ्याची बोट गोदीत यायचीच नाही. बाहेर बंदरात नांगर टाकायचा आणि माल पडावांत उतरवायचा. लढाईच्या घाईत तो नियम बाजूला ठेवला होता. धोक्याचं लाल निशाणही डोलकाठीवर चढलं नव्हतं. बोटीमागून बोट दारूगोळाच आणत असताना निशाण लावणार तरी किती, असा तो जमाना.

दारूगोळा पडावांतच उतरवायचा होता, पण पडाव वेळेवर आले नाहीत. मग आधी काय उतरवलं? मासळीचं खत. वास सहन होईना, म्हणून.

१३ एप्रिल

कामाचा दिवस. विंच चालू, मुकादमांच्या आरोळ्या चालू, टोळ्या फाळक्यात उतरतायत, चढतायत. गोदीत माल उतरवणारे हात बहुतेक सातारा-पुण्याकडच्या घाटावरचे आणि कोकणातले. राहायचे मांडवी, डोंगरी, माझगाव आणि थेट गिरणगावापर्यंत. कापसाच्या गाठी आता उतरवल्या जात होत्या. ‘अ’ वर्गाची स्फोटकं जागच्या जागी.

१४ एप्रिल, शुक्रवार. सकाळ

आंबेडकरांचा त्रेपन्नावा वाढदिवस. ते स्वतः दिल्लीत, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य. दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ बांधून दहा-बारा वर्षं झालेली. आज या तारखेला दादर-परळ निळं होतं, आणि त्याच सकाळी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात या स्फोटात गेलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते. एका तारखेच्या या दोन गर्दींची एकमेकींशी गाठ क्वचितच पडते.

गोदीत मात्र ती सकाळ इतर सकाळींसारखीच.

दुपारी १२.३० नंतर

जेवणाची सुट्टी. फाळक्यात कुणी नाही. शेजारच्या बोटींवरच्या काही माणसांना ‘फोर्ट स्टिकिन’च्या दोन नंबरच्या फाळक्याच्या वायुनळीतून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. हे पुढे चौकशीत बाहेर आलं. पाहणारे एकाहून जास्त होते, आणि प्रत्येकाला वाटलं की बोटीवरच्यांना ते माहीत असणारच. बोटीवर तर तेव्हा पाहायलाच कुणी नव्हतं.

आग कशी लागली? घातपाताचा पुरावा सापडला नाही. कुणाची तरी विडी-सिगारेट, हाच चौकशीचा कल राहिला. मला तो तपशील फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कापूस आणि दारूगोळा एकाच फाळक्यात ठेवले की ठिणगीचा मालक शोधण्यात काय हशील? पण अशा प्रकरणात बोट पहिल्यांदा हमालाच्या विडीकडे दाखवलं जातं, कराचीला भरतीचा नकाशा करणाऱ्या टेबलाकडे नंतर. हे नवीन नाही.

पावणेदोनच्या सुमारास

कामगार परतले, फाळक्यात उतरले आणि ओरडतच वर आले. धूर. बोटीच्या खलाशांनी नळ्या सोडल्या, पाणी सुरू केलं. धक्क्यावर अग्निशमन दलाची एक छोटी तुकडी पंपासह आधीपासून नेमलेली होती, तीही आली. बोटीत काय आहे हे कळताच तिच्या प्रमुखानं एका माणसाला फोनकडे पिटाळलं. मोठी आग असेल तर नियंत्रण कक्षाला ‘नंबर दोन’चा निरोप द्यायचा, असा संकेत होता. तो ऐकला की एकदम बंबांचा ताफाच सुटतो.

२.१६

तो माणूस फोनपर्यंत पोचला. फोनला चकती नव्हती. नुसता उचलून एक्स्चेंजच्या उत्तराची वाट पाहायची, असा तो फोन. घाईत त्याला ते उमजलं नाही. तो बाहेर पळाला आणि भिंतीवरच्या आगीच्या सूचकाची काच त्यानं फोडली. सूचकाला बोलता येत नाही. आग आहे एवढंच कळतं, कसली ते नाही. नियंत्रण कक्षानं नेहमीच्या हिशेबानं दोन बंब पाठवले.

या माणसाला दोष देणं फार सोपं आहे. त्याच्या हातात निरोप होता, पाय पळत होते, आणि समोर एक असं यंत्र होतं की जे वापरायला आधी कुणीतरी शिकवायला हवं होतं. पटकथेत असा प्रसंग लिहिला तर निर्माता म्हणेल, फार जुळवून आणलेलं वाटतं, काढा.

अडीच ते तीन

बंबांच्या अधिकाऱ्यानं बोटीवर पाऊल टाकलं, मालाची यादी ऐकली आणि मोठ्या आगीचा निरोप आता खरोखर गेला. एकामागून एक बंब येऊ लागले. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. लष्कराच्या शस्त्रसाठा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट आले. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आले. नौदलाच्या जहाज-बचाव विभागाचे कमांडर लाँगमायर आले. नेस्मिथ तर होताच.

आता ही माणसं नीट पाहायची. यांतला एकही मूर्ख नव्हता. एकही घाबरून पळाला नाही. प्रत्येकाला आपलं काम उत्तम येत होतं. आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं होतं.

ओबर्स्टनं मालाचा नकाशा पाहिला आणि नेस्मिथला सांगितलं, बोट आहे तिथंच बुडवा. नाहीतर गोदी जाईल. स्फोटकांतलं त्याला कळत होतं. पण बोट त्याची नव्हती.

सॅडलरचं म्हणणं, बोट ओढून बाहेर समुद्रात न्या. गोदी त्याच्या ताब्यातली. गोदी वाचवणं हे त्याचं काम. त्याला एवढंच दिसत होतं की दार उघडून ही बला बाहेर गेली पाहिजे. पण पेटती बोट टगांना बांधायची, चिंचोळ्या दारातून, दोन्ही बाजूंच्या बोटींना घासत न्यायची, आणि ती दारातच फुटली तर?

कूम्ब्सला वाटत होतं, आग इथंच विझवता येईल. बोट धक्क्याला आहे तोवर शहराचं पाणी आहे, बंब आहेत, माणसं आहेत. बाहेर नेली की हातात काहीच नाही. आग विझवणाऱ्या माणसानं आग विझवायची म्हणणं यात चूक काय?

आणि नेस्मिथ. बोट बुडवायची म्हणजे युद्धकाळात सरकारी बोट, सरकारी माल, सोनं, सगळं आपल्या हातानं घालवायचं. आग विझली असती तर उद्या हाच प्रश्न त्याला कोर्टात विचारला गेला असता. शिवाय बुडवण्यावर आक्षेपही होता: गोदीत पाणी जेमतेम. तळ टेकला तरी स्फोटकांचा मजला पाण्यावरच राहणार.

भर समुद्रात असता तर नेस्मिथनं कुणाला विचारलं नसतं. तिथं कप्तानाचा शब्द शेवटचा. गोदीत शिरल्याबरोबर तो पाच जणांपैकी एक झाला. बाकीच्या चौघांनाही दुसऱ्याला हुकूम देता येत नव्हता, फक्त सल्ला देता येत होता. गव्हर्नरचा बंगला मलबार हिलवर, नौदल आणि लष्कराच्या कचेऱ्या फोर्टात, हाकेच्या अंतरावर. पण डेकवर येऊन ‘मी ठरवतो, बाकीचे गप्प बसा’ म्हणणारा कुणीच नव्हता. तशी नेमणूकच कागदावर नव्हती.

तीन ते पावणेचार

पाणी ओतणं चालूच. एकूण ९०० टनांवर पाणी त्या फाळक्यात गेलं. धूर इतका दाट की आग नेमकी कुठं आहे हे शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही. आणि इथं त्या मांडणीचा सगळ्यात क्रूर भाग येतो: कापूस तरंगतो. तळमजल्यात पाणी चढत गेलं तशा पेटलेल्या गाठी त्याच्यावर तरंगत वर चढत गेल्या, दारूगोळ्याच्या मजल्याकडे. विझवणारे जितकं पाणी टाकत होते, तितकी आग स्फोटकांच्या जवळ जात होती.

मग डाव्या बाजूला बोटीच्या पत्र्यावर एके ठिकाणी रंगाला फोड आलेले दिसले. म्हणजे आतली आग इथं. ठरलं, पत्रा कापायचा, भोक पाडून थेट आगीवर पाणी मारायचं. गॅस कटर मागवला. कटर आला. चालेना.

धक्क्यावर बघ्यांची गर्दी. शेजारच्या बोटींवर काम चालू, विंच चालू. गोदी रिकामी करा असा भोंगा कुणी वाजवला नाही. घबराट पसरेल, ही काळजी असावी. किंवा तेही कुणाचं काम हे ठरलेलं नसावं. लगतच्या मांडवीत धान्याचे व्यापारी वखारीत, मसजिद बंदरला गाड्या, डोंगरीच्या गल्ल्यांत दुपारची पोरं. मैलभरावर सगळं ठाऊक असलेली माणसं वाद घालत होती, आणि यांना काहीच ठाऊक नव्हतं.

हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा: प्रेक्षकाला बॉम्ब दिसतो, टेबलावर गप्पा मारणाऱ्यांना नाही, म्हणून प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. व्हिक्टोरिया गोदीत टेबलावरच्यांनाच बॉम्ब दिसत होता. तो विझवायचा, बुडवायचा की बाहेर फेकायचा यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.

३.५०

फाळक्यातून ज्वाळा उसळल्या. पाणी बोटीत सगळीकडे उकळत होतं. बोट सोडा, असा हुकूम सुटला. हा मात्र सगळ्यांना मान्य झाला. पण एव्हाना दुसरा कुठलाही हुकूम देण्याची वेळ निघून गेली होती. खलाशी उतरले. बंबवाले उतरले, आणि धक्क्यावरून पुन्हा नळ्या धरून उभे राहिले. आग समोर असताना पाण्याची नळी टाकून जायचं नाही, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

सोळा मिनिटं. त्या सोळा मिनिटांत धावत सुटलेला माणूस गोदीच्या बाहेर पडून निदान मसजिद बंदरपर्यंत पोचला असता. पण धावा असं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

४.०६

बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरपर्यंत काचा फुटल्या; म्हणजे गिरगाव, लालबाग, परळ, दादर, सगळी मुंबई त्यात आली. गोदीतलं पाणी लाट होऊन उठलं आणि तिनं सिंदिया कंपनीच्या ‘जलपद्म’ला उचलून तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडवर टाकला. शिमल्याच्या भूकंपमापकाची सुई सुमारे १,४०० किलोमीटरवर हलली. पेटत्या कापसाच्या गाठी, पेटतं तेल, तापलेलं लोखंड आकाशातून शहरावर पडू लागलं. मैलभर अंतरावरच्या एका घराचं छप्पर फोडून एक जड लखलखती वीट आत आली. घरमालक, एक वयस्कर पारशी इंजिनिअर, यांनी ती सरकारला परत केली. त्याबद्दल बक्षीस मिळालं ९९९ रुपये. हजाराला एक रुपया कमी का, हे मला कधीच कळलेलं नाही; कुणा कारकुनाच्या मंजुरीची मर्यादा तेवढी असेल.

मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुपारी गेले. नेस्मिथ गेला. कूम्ब्स जिवंत राहिला.

शहरभर एकच तर्क: जपानी आले. तो खुळा तर्क नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९४२ च्या एप्रिलमध्ये, कोलंबो, विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते, आणि या घटकेला जपानी फौजा कोहिमाच्या दारात होत्या.

४.०६ ते ४.३४

अठ्ठावीस मिनिटं. पहिल्या स्फोटात दोन नंबरचा फाळका गेला होता. बोटीचा मागचा भाग अजून पाण्यावर, पेटलेला, आणि चौथ्या फाळक्यात पहिल्याहून जास्त दारूगोळा. या वेळात जखमींना उचलायला माणसं गोदीकडे धावली: सैनिक, खलाशी, पोलीस, कामगार, शेजारपाजारचे. मागे दुसरा स्फोट उरलाय हे ज्यांना ठाऊक होतं त्यांतले बरेच जण आता सांगायला उरले नव्हते.

४.३४

तो झाला. पहिल्याहून मोठा.

संध्याकाळपासून पुढे

गोदीत आणि आसपास अकरा बोटी बुडाल्या वा बुडण्याच्या बेतात होत्या. बाकी जळत होत्या. ‘बडोदा’, ‘एल हिंद’, ‘जनराल व्हान डर हायडन’, ‘फोर्ट क्रेव्हिए’. नावं वाचताना अर्धं जग एका गोदीत जमलेलं दिसतं. आग काबूत यायला तीन दिवस लागले. मांडवीतली धान्याची कोठारं जळाली. ५०,००० टनांहून जास्त धान्य गेलं. आदल्या वर्षी बंगालचा दुष्काळ झालेला, मुंबईत १९४३ च्या मे महिन्यापासून रेशन सुरू, आणि हे धान्य रस्त्यावर जळतंय. ८०,००० माणसं बेघर झाली. ६,००० च्या वर पेढ्या-कारखान्यांना झळ बसली, ५०,००० लोकांची कामं गेली. मेलेल्यांचा आकडा सरकारी हिशेबात सातशे-आठशेच्या घरात राहिला. इतर अंदाज तेराशेपर्यंत जातात. गोदीतल्या हमालांची हजेरी मुकादमाच्या वहीत असायची आणि वहीसुद्धा गोदीतच असायची. मग खरा आकडा कुणाजवळ असणार?

१५ एप्रिल

जगाला बातमी पहिल्यांदा मिळाली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. मुंबईकराच्या डोळ्यांसमोर शहर जळत होतं आणि बातमीवर सेन्सॉरचा पहारा होता. सेन्सॉरनं वार्ताहरांना तपशील धाडू दिला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकात हकिगत आली २२ मे रोजी, आणि तिथल्या वाचकाला ती तेव्हाही ताजी होती.

आणि या सगळ्याचा सिनेमा निघाला होता. छायाचित्रकार सुधीश घटक, म्हणजे ऋत्विक घटकांचे थोरले बंधू, यांनी स्फोटाची आणि नंतरच्या विध्वंसाची दृश्यं टिपली. लष्करी अधिकाऱ्यांनी फिल्म जप्त केली. पुढे तिचे काही तुकडे वार्तापटात दाखवले गेले. डेकवर चाललेला तो दोन तासांचा वाद मात्र कुणाच्याच कॅमेऱ्यात नव्हता. तो उरला चौकशीच्या साक्षींत.

चौकशी

त्याच वर्षी आयोगाचा अहवाल आला. दारूगोळ्याची बोट लढाईच्या निकडीमुळे गोदीत आणली गेली, कापूस आणि स्फोटकं जवळजवळ रचली गेली, पहिला तास वाया गेला, हे सगळं त्यात होतं. सगळ्यांवर ज्याचा हुकूम चालेल असा अधिकारी तिथं नव्हता, हेही होतं. या वाक्याला साठ वर्षांनी आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्यात जागा मिळाली. २००५ च्या त्या कायद्यात जिल्हा पातळीपर्यंत कुणी ठरवायचं ते लिहिलं आहे. त्याच वर्षीच्या २६ जुलैला मुंबई बुडाली. कायदा डिसेंबरात आला.

मधल्या काळात गोदीची साफसफाई. आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन मलबा काढला. व्हिक्टोरिया गोदी पुन्हा चालू झाली.

नंतर

सोन्याच्या विटा सापडत राहिल्या. गाळ काढताना एखादी, मग वर्षानुवर्षं काही नाही, मग पुन्हा एखादी. अशा विटा ब्रिटिश सरकारला परत केल्या गेल्या. १२४ पैकी सगळ्यांचा हिशेब लागला असं कुणी छातीठोक सांगत नाही. गोदीतल्या लोकांत एखाद्या गड्याचं नशीब अचानक फळफळलं की अजूनही बोट त्या गाळाकडे जातं.

गाळात सोनंच होतं असं मात्र नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे स्फोटाला सदुसष्ट वर्षं उलटून गेल्यावर, तिथं ४५ किलो वजनाचं एक जिवंत स्फोटक मिळालं. या वेळी ते कुणाच्या ताब्यात द्यायचं यावर कुणी वाद घातला नाही.